शर्यत पूर्ण, मूत्रपिंडे निकामी

शर्यत मी पूर्ण केली. हे आधी सांगतो, कारण भेटायला येणारा प्रत्येक जण आधी तेच विचारतो. समुद्रात पावणेचार किलोमीटरहून थोडं जास्त पोहणं, एकशे ऐंशी किलोमीटर सायकल आणि बेचाळीस किलोमीटर धावणं. मुदत सतरा तासांची होती. मला चौदा तास एकावन्न मिनिटं लागली. ठिकाण मलेशियातलं एक बेट. त्याला आता पंधरा महिने झाले. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार, प्रत्येकी चार तास, मी पिंपरीच्या एका रुग्णालयात डायलिसिसवर असतो.

माझं वय सेहेचाळीस. अकरा वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढली. नंतर चाकणमध्ये वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या जनसंपर्क विभागात आलो. घर मोशीत. हे लेखन धीर देण्यासाठी नाही. धीर देणारं पुष्कळ छापलं जातं आणि पडून राहण्याच्या काळात त्यातलं बरंच मी वाचलं. ज्यांच्या फोनमध्ये एखादा रिपोर्ट आहे आणि तो त्यांनी अजून घरी दाखवलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आकड्यापुढची चांदणी

कंपनीत दरवर्षी आरोग्य तपासणी होते. कँटीनशेजारी व्हॅन उभी राहते, शिफ्टप्रमाणे रांग लागते, आठवड्याभरात ईमेलवर रिपोर्ट येतो. त्या वर्षीचा रिपोर्ट मी निघण्याच्या सतरा दिवस आधी आला. किडनीचं काम दाखवणारा क्रिएटिनिनचा आकडा वरच्या मर्यादेच्या दुप्पट होता आणि त्यापुढे चांदणी छापली होती. खाली कंपनीच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं : किडनीच्या डॉक्टरांना त्वरित दाखवावे, तोवर वेदनाशामक गोळ्या बंद.

गुडघ्यासाठी मी आठ महिने त्या गोळ्या घेत होतो. लांबच्या सरावाआधी एक, कधी नंतर एक.

रिपोर्टचा फोटो मी संतोषला पाठवला. संतोष आमच्या ग्रुपचा कॅप्टन, चाकणच्याच एका प्लांटमध्ये प्रॉडक्शन मॅनेजर. अशा दोन शर्यती त्याने पूर्ण केल्या होत्या. रविवारी उजाडताना, ट्रेलरची गर्दी सुरू होण्याआधी, नाशिक रस्त्यावर आम्ही त्याच्या मागे सायकली चालवायचो. त्याने लगेच फोन केला.

"भावा, हे काय घाबरून पाठवतोस? माझंपण वरच येतं. मसल असलेल्या माणसाचं क्रिएटिनिन वरच असणार. हे आकडे बसून खाणाऱ्यांसाठी आहेत."

"गोळ्या बंद करा म्हणतायत."

"कोण? कंपनीचा डॉक्टर? त्याला सिक लीव्हच्या कागदावर सह्या करायला ठेवलाय राव. गुडघा काय त्याचा दुखतोय?"

आमच्या ग्रुपमध्ये हे सगळ्यांचं ठरलेलं मत होतं. कुणाचाही रिपोर्ट वर आला की हेच उत्तर मिळायचं आणि पुढच्या वेळी तो माणूस दुसऱ्याला तेच सांगायचा. त्यात थोडं तथ्य आहे. स्नायू जास्त असलेल्यांचा आकडा किंचित वर असू शकतो. किंचित. डेस्कवर असताना आरोग्याच्या पुरवणीचे लेख मीच तपासायचो, त्यामुळे किंचित आणि दुप्पट यांतला फरक मला कळत होता. संतोषने मला फसवलं नाही. मला जे ऐकायचं होतं ते सांगणारा माणूस मी निवडला.

त्याच आठवड्यात एकदा माधुरी, माझी बायको, ओट्याशी पोळ्या करत होती. ती शाळेत गणित शिकवते. पाठमोरीच म्हणाली, "अहो, कंपनीचे रिपोर्ट आले का?"

"आले. ठीक आहेत."

आधीचा सत्कार

आमच्याकडे सत्कार आधी होतो. निकाल लागायच्या आधी. मी निघण्याच्या आठ दिवस अगोदर सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये कार्यक्रम झाला. गेटवर आणि चौकात असे दोन फ्लेक्स लागले. मधे हेल्मेट घातलेला मी, वर 'मोशीचा पोलादी माणूस' आणि खाली शुभेच्छुकांचे चौदा चेहरे. त्यांतला एक चेहरा माझ्यापेक्षा मोठा होता, कारण पालिकेच्या निवडणुकीची चर्चा सुरू होती. शाल, श्रीफळ, भाषणं झाली. 'मेडल घेऊनच या' असं तिघांनी सांगितलं. सासरे पहिल्या रांगेत बसले होते. ते मोशीचेच, इथे इमारती येण्याआधीपासूनचे.

नाव मागे घेण्याचं पान त्या आठवड्यात मी दोनदा उघडलं होतं. फ्लेक्समुळे ते बंद केलं असं म्हणणं सोयीचं आहे. मात्र फ्लेक्ससाठी फोटो मीच निवडून पाठवला होता, आणि पहिला फोटो पसंत नव्हता म्हणून दुसराही पाठवला होता.

बेट

शर्यतीच्या दिवशी मी पाच गोळ्या घेतल्या. पोहण्याआधी एक, सायकलवर दोन, धावताना दोन. बेटावर ऊन कडक होतं आणि हवेत दमटपणा इतका की घाम वाळत नव्हता. दुपारनंतर लघवी झाली नाही. बरोबर आलेल्या संतोषने आधीच सांगून ठेवलं होतं, सगळं घामातून जातं. दुसऱ्या दिवशी सकाळी झाली ती कोऱ्या चहाच्या रंगाची, अर्धा कप. नंतर बंद. जेवणाच्या वेळेपर्यंत पायांत चपला जाईनात.

तिथल्या रुग्णालयात एका तमिळ नर्सने माझी माहिती लिहून घेतली. वेदनाशामक घेतलं का, असं तिने इंग्रजीत विचारलं. मी म्हटलं, एक-दोन. तिने पेन कागदावर टेकवलं, पण लिहिलं नाही. पुन्हा विचारलं, "किती, सर?" मी पाच सांगितलं. तिने पाच लिहिलं आणि पुढच्या रकान्यात गेली.

पहिलं डायलिसिस त्याच संध्याकाळी झालं. मानेत नळी घालतात. ते दुखतं, पण लक्षात राहते ती तहान. चार-पाच दिवस मला दिवसाला दोन कप पाणी होतं. ती नर्स ड्यूटी संपवून जाताना चमच्यात बर्फाचा एक खडा आणून द्यायची. तो चार्टमध्ये लिहीत नव्हती. त्या पंधरा दिवसांत माझ्या भल्यासाठी लपवलेली नोंद एवढीच.

माधुरीला मी फोनवर सांगितलं, "डिहायड्रेशन झालंय. सलाइन लावलंय. दोन-तीन दिवस लागतील."

तिसऱ्या दिवशी संतोष भेटायला आला तो बॅग घेऊनच. "भावा, थांबलो असतो रे. पण सोमवारी कस्टमर ऑडिट आहे राव." मी त्याच्याजवळ माझं मेडल दिलं. माझ्याआधी ते मोशीत पोहोचलं.

माइकवरून

परतलेल्या खेळाडूंचा कार्यक्रम रविवारी ठरलेला होता. माझ्या वतीने माधुरीला स्टेजवर बोलावलं. तिच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. मग संतोष माइकवर आला. त्याचा व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर आहे, त्यामुळे शब्द नेमके देतो.

"आमचा भाऊ आज तिकडे डायलिसिसवर आहे. किडनी बंद पडली, पण माणूस थांबला नाही! एकदा जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या!"

टाळ्या झाल्या. व्हिडिओत माधुरी नारळ ठेवायला जागा शोधताना दिसते. टेबलावर ट्रॉफ्या आहेत, खुर्चीवर कुणीतरी बसलेलं आहे. शेवटी तो हातात धरूनच ती खाली उतरते. मला डायलिसिस सुरू आहे हे तिला त्या वाक्यातून कळलं.

संध्याकाळी तिचा फोन आला.

"किती झाली डायलिसिस?"

"चार."

"बरं," म्हणाली, आणि फोन ठेवला.

पिंपरी

विमानतळावरून व्हीलचेअरवर आलो. इथल्या डॉक्टरांनी सांगितलं, तीन महिने वाट बघू. किडनी कधी कधी परत काम करू लागतात. त्या तीन महिन्यांत घराचं वेळापत्रक माझ्या लघवीवर चालायचं. सकाळी वजन. दिवसभरात मोजून सातशे मिलिलिटर, त्यात डाळीचं पाणीही धरायचं. पोटॅशियम निघून जावं म्हणून बटाटे रात्रभर पाण्यात भिजवून ते पाणी फेकायचं. मुलगी सानिका तेव्हा अकरावीत होती. तिने फ्रिजवर तक्ता चिकटवला आणि मी पेला उचलला की ती तक्त्याकडे बघायची.

भेटायला येणारे शहाळी आणायचे. आजाऱ्याला शहाळं, हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. किडनी गेलेल्या माणसाला ते त्यातल्या पोटॅशियममुळे थेट घातक असतं. पहिल्या आठवड्यात अकरा शहाळी जमली. माधुरी प्रत्येकाला चहा द्यायची, शहाळ्याबद्दल आभार मानायची आणि ते वॉचमनला नेऊन द्यायची. ज्यांना तिने खरं कारण सांगितलं, त्यांतले दोघे पुढच्या वेळी पुन्हा शहाळंच घेऊन आले.

डायलिसिसला शेजारच्या पलंगावर आकुर्डीचे एक निवृत्त फिटर असतात. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "आमची शुगरनं गेली. तुमची कशानं?"

"पळून."

"कुणाच्या मागं लागला होता साहेब?"

मी हसलो. नळ्या लावलेल्या असताना हसलं की मशीन अलार्म देतं. टेक्निशियन पळत आली, त्यांना ओरडली, मलाही ओरडली. त्या महिन्यातली ती एक चांगली सकाळ.

तीन महिने संपले तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आता वाट बघण्यात अर्थ नाही." किडनी या शर्यतीआधीपासूनच बिघडत असाव्यात, असा त्यांचा अंदाज होता. "जुना एखादा रिपोर्ट आहे का? कंपनीत तपासणी होत असेल."

माधुरी शेजारच्या खुर्चीत होती. म्हणाली, "होते ना. निघायच्या आधीच झाली होती. तेव्हा सगळं ठीक होतं."

इथे मला पुन्हा एकदा खोटं बोलता आलं असतं. ईमेल सापडत नाही, एवढं म्हणणं पुरेसं होतं. मी फोन उघडला आणि डॉक्टरांकडे दिला. त्यांनी आधी तारीख बघितली, मग आकडा.

"हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

माधुरीने हात पुढे केला. डॉक्टरांनी माझ्याकडे न बघता फोन तिला दिला. पेपर तपासताना वाचते तसं तिने वरून खालपर्यंत वाचलं.

"पहिला सत्कार कधी झाला?"

"यानंतर नऊ दिवसांनी."

डॉक्टरांनी दुसऱ्या कुणाची तरी फाइल उघडली.

 दुसऱ्या दिवशी दप्तर भरताना माधुरी म्हणाली, "मी विचारलं होतं तुम्हाला. त्याच आठवड्यात."

"हो."

"डॉक्टरांनी एकदा विचारलं तर लगेच फोन दिलात."

 तिची बस निघायची वेळ झाली होती.

दाता

माझा रक्तगट ओ आहे, माधुरीचाही ओ. डायलिसिसच्या दुसऱ्या महिन्यात ती आपणहून म्हणाली होती, वेळ आलीच तर माझी घ्या. रिपोर्टच्या दिवसानंतर तिने ते पुन्हा म्हटलं नाही. मागेही घेतलं नाही. तपासण्यांच्या तारखा आधीच घेतलेल्या होत्या आणि ती प्रत्येक तारखेला शाळेत रजा टाकून एकटी गेली. कागद फाइलला लावण्याचं काम माझं होतं. रक्त, लघवी, स्कॅन, हृदय. एकाही आकड्यापुढे चांदणी नव्हती.

एका दुपारी सासरे आले. ती शाळेत होती. पाणी घेतलं नाही, माझ्यासमोर प्यायला त्यांना अवघड वाटतं.

"पाव्हणं, किडनी कुणाची घ्यायचं ठरलंय?"

"माधुरीची जुळतेय."

"तिला इचारलं का?"

"तीच म्हणाली होती, बाबा."

"कवा?"

मी सांगितलं.

"ते कागद सापडायच्या आदी व्हय. मी आत्ताचं इचारतोय."

"आता नाही विचारलं."

"मंग इचारा की. भ्या वाटतंय?" त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मी माजीच देतो म्हनलो असतो. पर शुगर हाय. आन् खरं सांगू का, नसती तरी दिली असती का न्हाई, ठावं न्हाई. लेकीच्या तोंडाकडं बघवत न्हाई मला."

त्यांचा प्रश्न बरोबर होता. मी विचारलं नाही. ती नाही म्हणाली असती तर मला ते ऐकावं लागलं असतं. हो म्हणाली असती तर त्याचं काय करायचं, हेही मला ठाऊक नव्हतं.

ऑपरेशनला मंजुरी देण्याआधी रुग्णालयाची समिती दात्याला एकट्याने भेटते. नवऱ्याला, आईबापाला, कुणालाच आत घेत नाहीत. कुणी दबाव आणलाय का, हे विचारायचं असतं. माधुरी चाळीस मिनिटं आत होती. मी बाहेर फाइल मांडीवर घेऊन बसलो होतो. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "शिपायाने दोनदा चहा विचारला. चला."

आठ दिवसांनी रुग्णालयाच्या प्रत्यारोपण समन्वयक बाईंचा फोन आला.

"सर, समितीचा निर्णय झालाय. दाता वैद्यकीय कारणास्तव अपात्र."

"कोणतं कारण?"

"ते आम्ही सांगत नाही सर. दात्याची माहिती गोपनीय असते."

"सगळे रिपोर्ट माझ्याकडे आहेत. नॉर्मल आहेत."

"हो सर," त्या म्हणाल्या. थोडं थांबून, "वेटिंग लिस्टचा फॉर्म पाठवू का?"

प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा, ही ओळ डेस्कवर मी अनेकदा बातमीत घेतली आहे. अशी ओळ कशासाठी असते, मला कळतं. मग डायलिसिसच्या टेक्निशियनला सहज विचारल्यासारखं विचारलं. तिने सांगितलं, दात्याने आत नकार दिला तर घरच्यांना फक्त वैद्यकीय कारण सांगतात, घर टिकावं म्हणून. आणि खरोखर वैद्यकीय कारण असलं, तरी वाक्य हेच असतं. दोन्हींतला फरक बाहेर कुणाला कळू नये, असंच ते ठरवलेलं आहे.

त्या संध्याकाळी माधुरी बटाटे कापून पाण्यात टाकत होती.

"फोन आला होता."

"काय म्हणाले?"

"वैद्यकीय कारण आहे म्हणे."

तिने उरलेला बटाटा कापला. "मग यादीत नाव घालू या," म्हणाली. रविवारी बसून तिने माझा फॉर्म भरला. तिचं अक्षर फार चांगलं आहे.

सध्या

मरणोत्तर दानाच्या यादीत माझं नाव आहे. कधी फोन येईल ते कुणी सांगू शकत नाही. संतोषचा ग्रुप पुढच्या शर्यतीला जातो आहे, कझाकस्तानला. मला अजून कुणी ग्रुपमधून काढलेलं नाही. मागच्या महिन्यात एकाने त्याचं वाढलेलं क्रिएटिनिन टाकलं. खाली कुणीतरी लिहिलं, मसल्स भावा. मी माझा तो जुना रिपोर्ट टाकला आणि त्याखाली आजचा. दोघांनी हात जोडल्याची चिन्हं पाठवली. त्यानंतर रविवारच्या सायकलचा मार्ग आला. ज्याने आकडा टाकला होता त्याला मी फोन केला. पंचेचाळिशीचा इंजिनिअर आहे. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण सर, शेवटचे दहा किलोमीटर तुम्ही त्या गोळीवरच काढले ना? नाव काय तिचं?"

हा मजकूर कुठे देण्याआधी मी माधुरीला वाचायला दिला. बुधवारची सकाळ होती. तिने जेवणाच्या टेबलावर बसून वाचला. हातात लाल पेन होतं, ते तिने वापरलं नाही. समितीचा भाग तिने दोनदा वाचला.

"हे सगळं छापायचंय?"

"तू नको म्हणालीस तर नाही."

"छापा." पानं एकसारखी करून तिने माझ्यासमोर ठेवली. "मला विचारणार आहात का?"

"काय?"

"काय ते तुम्हाला माहितीय. विचारलंत तर मी खरं सांगेन. ठीक आहे, असं नाही म्हणणार."

ती थांबली होती. घाई करत नव्हती. डायलिसिसची वेळ साडेसातची होती आणि पिंपरीपर्यंत रस्त्याला गर्दी लागते.

मी म्हटलं, "उशीर होतोय."

तिने गाडीची किल्ली घेतली.